दोन हृदयांची बाई

मुंबईहून निघालेली कर्जत गाडी कल्याणचा फलाट सोडते, नाशिककडे जाणाऱ्या रुळांपासून फुटते आणि दक्षिणेची वाट धरते. मग विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर. या मार्गावर रोज जाणाऱ्या माणसाने डोळे मिटून घेतले तरी कोणतं स्टेशन आलं ते त्याला नाकाने कळतं. हा लोहमार्ग फार जुना. १८५४ साली रेल्वे कल्याणला पोचली आणि १८५६ साली पुढे खोपोलीपर्यंत गेली. त्यानंतर नऊ वर्षांनी, ३१ मार्च १८६५ रोजी, कल्याणच्या जोशी घराण्यात एक मुलगी जन्माला आली. तिचं नाव यमुना.

या यमुनेला आपण सारे आनंदीबाई जोशी म्हणून ओळखतो. श्री. ज. जोशी यांची ‘आनंदी गोपाळ’ ही कादंबरी १९६८ साली आली आणि मराठी घराघरांत वाचली गेली. पुढे नाटक झालं, २०१९ साली चित्रपट झाला. शाळेच्या पुस्तकातही त्यांचा धडा असतोच. साता समुद्रापलीकडे जाऊन डॉक्टर झालेली मुलगी, तिचा विक्षिप्त नवरा आणि तिचा अकाली मृत्यू, एवढं बहुतेकांना तोंडपाठ असतं. पण या चरित्रातला एक धागा मला नेहमीच मागे पडलेला वाटतो. आनंदीबाई नुसत्या डॉक्टर झाल्या नाहीत, गर्भार बाई हाच त्यांच्या अभ्यासाचा विषय होता. आणि त्यांच्या माहेरच्या गावाला लागून पुढे जी तीन शहरं वसली, तिथली गर्भार बाई जी हवा छातीत भरून घेते, त्या हवेचा पोटातल्या बाळाच्या हृदयाशी काही संबंध असावा, असं गेल्या वीस-पंचवीस वर्षांतले अभ्यास सांगू लागले आहेत. म्हणून हे चरित्र आज पुन्हा एकदा, त्या धाग्याच्या बाजूने.

यमुनेचे वडील गणपतराव जोशी कल्याणचे जमीनदार. पण वैभव ओसरलेलं. त्या काळच्या रीतीप्रमाणे नवव्या वर्षी, १८७४ साली, तिचं लग्न झालं. गोपाळराव जोशी टपाल खात्यात नोकरीला होते, बिजवर होते आणि तिच्याहून वीस वर्षांनी मोठे होते. लग्नानंतर यमुनेची आनंदी झाली. बायकोला शिकवायचंच, हा गोपाळरावांचा ध्यास होता, आणि ध्यास हा शब्द इथे सौम्य आहे. अभ्यास सोडून ती स्वयंपाकघरात दिसली तर ते तिला मारत. ज्या घरांत बायको पुस्तक घेऊन बसली म्हणून मार खायची, अशा घरांच्या शेजारी हे एक उलटं घर होतं. गोपाळरावांना थोर म्हणावं की क्रूर, याचा निकाल कादंबरीकारांना लावता आलेला नाही, आणि मीही त्या फंदात पडत नाही. दोन्ही गोष्टी एकाच माणसात नांदत होत्या एवढं खरं.

चौदाव्या वर्षी आनंदीला मुलगा झाला. तो दहा दिवस जगला. आपल्याकडे बारसं बाराव्या दिवशी, म्हणजे या मुलाला नाव मिळायच्या आतच तो गेला.

चरित्रकार इथे थोडा वेळ थांबतात आणि पुढे जातात, कारण पुढे जहाज आहे, अमेरिका आहे, पदवी आहे. मला मात्र या दहा दिवसांपाशी थांबावंसं वाटतं. त्या काळी दहा दिवसांचं मूल गेलं तर कारण कोणी लिहून ठेवत नसे. देवाने दिलं, देवाने नेलं. आजचा बालरोगतज्ज्ञ त्या वयाच्या मृत्यूकडे पाहील तेव्हा त्याच्या मनात तीन-चार शक्यता येतील. पहिली धनुर्वाताची. नाळ गंजक्या विळ्याने किंवा सुरीने कापली की आठवड्याभरात बाळाचा जबडा आवळायचा, आणि खेड्यापाड्यांत तर अशा मृत्यूंची सवयच होऊन गेली होती. दुसरी शक्यता जंतुसंसर्गाची. तिसरी म्हणजे आईच अजून वाढीच्या वयातली, त्यामुळे बाळ अशक्त. आणि चौथी शक्यता हृदयाची. काही बाळांच्या हृदयाची रचनाच मुळात चुकलेली असते. पण जन्मानंतर लगेच ते कळत नाही. पोटात असताना फुप्फुसांना वळसा घालून रक्त नेणारी एक छोटी वाहिनी असते, ती जन्मानंतर काही दिवस उघडी राहते आणि तिच्या आधारावर बाळ दूध पितं, रडतं, झोपतं. मग निसर्गनियमाने ती वाहिनी मिटते. त्यानंतर बाळ निळं पडतं किंवा एकाएकी मलूल होतं, आणि घरच्यांना वाटतं, काल तर चांगलं होतं.

आनंदीच्या बाळाला यातलं काय झालं होतं हे आज कोणी सांगू शकणार नाही आणि सांगूही नये. पण त्या मृत्यूने आईच्या मनात एक प्रश्न रुजवला. वेळेवर कोणी जाणतं माणूस हाताशी असतं तर? जाणतं माणूस म्हणजे डॉक्टर, आणि डॉक्टर म्हणजे पुरुष. त्याच्यापुढे बाळंतीण जाणार नाही, तिला कोणी नेणारही नाही. मग बाईच डॉक्टर हवी. हा साधा तर्क चौदा वर्षांच्या मुलीने मनाशी केला आणि उरलेलं सगळं आयुष्य त्यावर लावलं.

गोपाळरावांच्या बदल्या होत राहिल्या. अलिबाग, कोल्हापूर, भूज, मग थेट कलकत्ता आणि त्याच्या जवळचं सेरामपूर. कोल्हापुरात असताना १८७८ साली त्यांनी बायकोच्या शिक्षणासाठी एका अमेरिकन मिशनऱ्याला पत्र लिहिलं. धर्म बदललात तर बघू, अशा अर्थाचं उत्तर आलं. पण तो पत्रव्यवहार अमेरिकेतल्या एका मिशनरी मासिकात छापला गेला. न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर या गृहिणीने ते मासिक दंतवैद्याकडे आपला नंबर यायची वाट पाहताना वाचलं आणि अनोळखी मुलीला पत्र लिहिलं. दोघींची पत्रं सुरू झाली. आनंदी तिला मावशी मानू लागली. पुढचं सगळं या दंतवैद्याच्या बाकावर ठरलं म्हणायला हरकत नाही.

२४ फेब्रुवारी १८८३ रोजी सेरामपूर कॉलेजच्या सभागृहात, अठरा वर्षंही पुरी न झालेल्या आनंदीबाईंनी भर सभेत आपण अमेरिकेला का जातो आहोत हे इंग्रजीतून समजावून सांगितलं. हिंदुस्थानात स्त्री डॉक्टरांची गरज आहे, आणि आपण जाताना हिंदू आहोत तशा परत येतानाही हिंदूच असू, हा त्यातला सारांश. ७ एप्रिलला त्या कलकत्त्याहून निघाल्या, नवऱ्याशिवाय, मिशनरी बायकांच्या सोबतीने. जूनमध्ये न्यूयॉर्क आलं. कार्पेंटरबाई धक्क्यावर घ्यायला आल्या होत्या. त्या शरद ऋतूत फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजात नाव दाखल झालं. कॉलेजच्या प्रमुख रेचल बॉडली यांनी या मुलीची पाठराखण केली आणि शिष्यवृत्तीही मिळवून दिली.

फिलाडेल्फियात त्यांना राहायला जी खोली मिळाली तिच्यातली शेकोटी नीट बांधलेली नव्हती. पेटवली की खोलीभर धूर कोंडायचा. न पेटवावी तर बर्फाळ हिवाळा, अंगावर लुगडं आणि पोटात शाकाहारी, अपुरं अन्न. धूर सोसायचा की थंडी, एवढीच निवड. दीडेक वर्ष त्या खोलीत काढल्यावर ताप आणि भोवळ सुरू झाली, आणि खोकल्याने पाठ धरली ती अखेरपर्यंत सोडली नाही. क्षय जंतूंमुळे होतो, धुरामुळे नव्हे, हे खरं. रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू शोधल्याचं १८८२ सालीच जाहीर केलं होतं. पण रोज धूर ओढणाऱ्या फुप्फुसात तो जंतू लवकर घर करतो, हे आपल्याकडच्या चुलीपुढे बसणाऱ्या बायांवरूनही डॉक्टरांना आता ठाऊक झालं आहे.

अशा प्रकृतीत त्यांनी प्रबंध लिहिला. विषय होता आर्य हिंदूंमधलं प्रसूतिशास्त्र. एकीकडे अमेरिकन पाठ्यपुस्तकं आणि दुसरीकडे आयुर्वेदाचे जुने ग्रंथ, अशी दोन्ही थड्यांवर पाय ठेवून केलेली ती मांडणी होती. गर्भार बाईने काय खावं, कसं वागावं, बाळंतपण कसं करावं, हे आपल्या लोकांनी कधीकाळी बारकाईने विचारात घेतलं होतं, हे परक्यांसमोर मांडायची त्यांची जिद्द त्यात दिसते. ११ मार्च १८८६ रोजी पदवी मिळाली. समारंभाला इंग्लंडहून पंडिता रमाबाई आल्या होत्या. जपानची केई ओकामी आणि सीरियाची साबात इस्लामबुली याही याच कॉलेजच्या. तिघींचं एकत्र छायाचित्र आहे, तिघीही आपापल्या देशी पोशाखात. ते पाहत बसावं असं आहे.

ज्या आयुर्वेदाकडे त्या वळल्या होत्या त्यात एक सुंदर कल्पना आहे. सुश्रुताने म्हटलं आहे की चौथ्या महिन्यात गर्भाचं हृदय व्यक्त होतं, तेव्हापासून त्या बाईला दोन हृदयं असतात, म्हणून ती दौहृदिनी. तिला जे खावंसं, करावंसं वाटतं ते दुसऱ्या हृदयाचं मागणं असतं, ते पुरवावं. आपला डोहाळे हा शब्द याच कुळातला, असं मानलं जातं. डोहाळजेवणाला हिरवी साडी नेसून, फुलांची वाडी भरून झोपाळ्यावर बसलेल्या सुनेला पाहताना हे कोणाच्या मनात येत नसेल. पण त्या सोहळ्याच्या मुळाशी दोन हृदयांची ही समजूत आहे.

आधुनिक विज्ञानाने या समजुतीतला एकच तपशील बदलला, पण तो फार मोठा आहे. दुसरं हृदय चौथ्या महिन्यात येत नाही. गर्भ राहिल्यापासून सुमारे बाविसाव्या दिवशी ते धडधडू लागतं. तेव्हा ते हृदय म्हणजे एक साधी नळी असते. मग ती नळी वळते, मुडपते, तिच्यात पडदे उभे राहतात, झडपा बसतात, दोन मोठ्या रक्तवाहिन्या एकमेकींपासून वेगळ्या होतात, आणि आठवा आठवडा संपेपर्यंत चार कप्प्यांची वास्तू बहुतांशी पुरी होते. बाविसावा दिवस म्हणजे पाळी चुकून जेमतेम आठवडा झालेला. कित्येक बायकांना तोवर शंकाही आलेली नसते. सासूला कळतं, माहेरी निरोप जातो, पहिली तपासणी होते, तोवर हृदयाचं बांधकाम आटोपत आलेलं असतं. सातव्या महिन्यातल्या डोहाळजेवणाला तर त्या वास्तूची वास्तुशांत होऊन कित्येक महिने झालेले असतात.

या बांधकामात पडदा अर्धवट राहिला तर आपण त्याला हृदयाला भोक असणं म्हणतो. जगभरात दर हजार जिवंत जन्मांत साधारण आठ-नऊ बाळांच्या हृदयात असा काही ना काही जन्मदोष असतो. भारतात दरवर्षी दोन लाखांहून अधिक मुलं असा दोष घेऊन येतात, असा अंदाज सांगितला जातो. त्यातली काही भोकं आपोआप बुजतात, काहींवर शस्त्रक्रिया लागते, आणि साधारण पाचातल्या एका बाळाला पहिल्या वर्षातच उपचार मिळाले नाहीत तर ते वाचणं कठीण असतं. कारणं अनेक आहेत. गुणसूत्रांतले दोष, आईचा मधुमेह, गर्भारपणात झालेला रुबेला, काही औषधं, नात्यातली लग्नं. पण बऱ्याच बाळांच्या बाबतीत बोट ठेवावं असं एकच कारण सापडत नाही.

बाहेरची गोष्ट आत पोचते हे कळायलाच मुळात उशीर झाला. वार म्हणजे गर्भाभोवतीची अभेद्य तटबंदी, अशीच वैद्यकाची समजूत होती. १९४१ साली ऑस्ट्रेलियात नॉर्मन ग्रेग या नेत्रतज्ज्ञाच्या लक्षात आलं की मोतीबिंदू घेऊन जन्मलेल्या अनेक बाळांच्या आयांना गर्भारपणाच्या सुरुवातीला रुबेला झाला होता, आणि त्यातल्या कित्येक बाळांचं हृदयही सदोष होतं. फिलाडेल्फियाच्या दक्षिणेला बाल्टिमोर शहर आहे. तिथल्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात हेलन टॉसिग नावाच्या डॉक्टरबाई निळ्या बाळांवर काम करत. त्यांच्या कल्पनेवरून २९ नोव्हेंबर १९४४ रोजी अशा बाळावरची पहिली शस्त्रक्रिया झाली. याच टॉसिगबाई १९६२ साली थॅलिडोमाइड या औषधाचा छडा लावायला जर्मनीत गेल्या. गर्भारपणातल्या ओकाऱ्यांवर दिलेल्या त्या गोळीने हजारो मुलं हातापायांविना जन्मली होती, आणि काहींची हृदयंही बिघडली होती. परत येऊन त्यांनी अमेरिकेला सावध केलं. आनंदीबाईंच्या कॉलेजातून पहिल्या पिढीच्या बायका डॉक्टर होऊन बाहेर पडल्या होत्या, टॉसिग त्याच वाटेने आलेल्या पुढच्या पिढीच्या. बायका डॉक्टर झाल्याने काय साधलं असं कोणी विचारलं तर मी हे एक उदाहरण देतो.

औषध पोटात जातं, हवेचं काय? २००२ साली दक्षिण कॅलिफोर्नियातल्या जन्मांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. गर्भारपणाच्या दुसऱ्या महिन्यात आई जिथे राहत होती तिथल्या हवेत कार्बन मोनॉक्साइड जितका जास्त, तितकं हृदयाच्या खालच्या कप्प्यांमधल्या पडद्याला भोक असण्याचं प्रमाण जास्त, असं त्यात दिसलं. दुसराच महिना, हे लक्षात घ्या. त्यानंतर बरेच अभ्यास झाले आणि सगळ्यांचं एकमत नाही. कुठे नायट्रोजन डायॉक्साइडचा संबंध दिसतो, कुठे धुळीचा, कुठे काहीच दिसत नाही. २०१९ साली बेल्जियममधल्या शास्त्रज्ञांना काजळीचे सूक्ष्म कण वारेच्या बाळाकडच्या बाजूला सापडले. २०२२ साली तर ते गर्भाच्या यकृतात, फुप्फुसांत आणि मेंदूत पोचलेले दिसले. २०२३ साली चीनमधल्या १४ लाख जन्मांचा अभ्यास आला. गर्भधारणेच्या आगेमागे हवेतल्या सूक्ष्म कणांचं, म्हणजे पीएम २.५ चं, प्रमाण घनमीटरमागे १० मायक्रोग्रॅमने वाढलं की हृदयदोषाची शक्यता सुमारे दोन टक्क्यांनी वाढते, असा त्याचा निष्कर्ष आहे.

बँकेत आयुष्य गेलेल्या माणसाला टक्का दिसला की तो आधी विचारतो, कशावरचा टक्का? शेकड्यावर दोन बाळं वाढली असं नव्हे. दहा हजार जन्मांमागे नव्वद सदोष हृदयं असायची तिथे ब्याण्णव होतील. एखाद्या सुनेने घाबरून जावं असा हा आकडा नाही. पण हवा १० ऐवजी ४० मायक्रोग्रॅमने अधिक वाईट असेल तर त्याच कच्च्या हिशेबाने नव्वदाचे सत्त्याण्णव होतात. व्याज लहान असलं तरी मुद्दल मोठी असली की रक्कम मोठी होते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली पीएम २.५ ची वार्षिक सरासरी ५ मायक्रोग्रॅमच्या आत असावी असं सांगितलं, आपल्या देशाची मर्यादा ४० आहे. म्हणजे आपल्या कायद्याने जी हवा पास झाली तिच्यातही पस्तीस मायक्रोग्रॅमची उधारी शिल्लक आहे.

आता आनंदीबाईंच्या माहेरच्या शेजाराकडे येऊ. त्यांच्या लहानपणी कल्याणच्या पलीकडे भातखाचरं होती, उल्हास नदी होती आणि वालधुनीच्या काठी अंबरनाथचं शिलाहारांचं शिवमंदिर होतं, १०६० सालचं. दुसऱ्या महायुद्धात इथे लष्करी छावणी पडली, कल्याण कॅम्प. फाळणीनंतर सिंधमधून सर्वस्व सोडून आलेले लोक त्या बराकींत राहायला आले. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींच्या हस्ते उल्हासनगरची कोनशिला बसली. या लोकांनी हात पसरले नाहीत, उद्योग काढले. पापड, फर्निचर, कापड, मग जीन्स. अंबरनाथला आगपेट्यांचा कारखाना होता, दारूगोळ्याचा कारखाना आला, मग औद्योगिक वसाहती आणि रसायनं. बदलापूरलाही तेच. मुंबईत जागा न परवडणारी मराठी कुटुंबं याच पट्ट्यात घर घेत गेली, म्हणजे कारखान्यांच्या शेजारी नव्या सुनाही राहायला आल्या.

माझ्या नोकरीची काही वर्षं उल्हासनगरच्या एका शाखेत गेली. कर्ज दिलेल्या कारखान्यांची पाहणी हे कामच होतं. पिंपं मोजायची, माल तारण आहे तेवढा आहे का ते पाहायचं आणि डोळे चोळत बाहेर यायचं. १९९७ साली असेल, एक बाई मुदत ठेव मुदतीआधी मोडायला आली. कडेवर वर्षाभराचा मुलगा, ओठ जांभळट. मुंबईत ऑपरेशन ठरलं होतं. अर्जावर सही करताना ती हळूच म्हणाली की ग्रहण तिला भोवलं. २४ ऑक्टोबर १९९५ चं सूर्यग्रहण वाचकांना आठवत असेल, ऐन दिवाळीतलं. तिला तेव्हा नुकतेच दिवस गेले होते आणि सासू नको म्हणत असताना तिने त्या सकाळी भाजी चिरली होती. घरात सगळे हेच बोलत होते आणि तिलाही ते पटलं होतं. त्या ग्रहणाच्या सकाळी आपल्याकडे पडदे ओढून गर्भार बायकांना आत बसवलं होतं. आदल्या रात्री लक्ष्मीपूजनाच्या फटाक्यांचा धूर गल्लीत दाटला होता तेव्हा मात्र कोणीच खिडकी लावून घेतली नाही. त्या मुलाचं हृदय फटाक्यांनी बिघडलं असं मी म्हणत नाही, तसं कोणत्याही एका मुलाबद्दल म्हणताच येत नाही. चिरलेल्या भाजीने ते बिघडलं नव्हतं, हे मात्र छातीठोकपणे सांगता येतं. मी तिला तसं सांगितलं. ती मान हलवून पैसे मोजू लागली.

या पट्ट्यातल्या हवेच्या बातम्या वर्षाआड येत राहतात. २९ नोव्हेंबर २०१४ च्या पहाटे कोणीतरी वालधुनीत रसायन ओतलं आणि उल्हासनगरात शेकडो माणसं गुदमरून रुग्णालयांत गेली. जून २०२१ मध्ये बदलापूरच्या शिरगाव औद्योगिक वसाहतीत वायुगळती झाली, सप्टेंबर २०२४ मध्ये अंबरनाथच्या मोरिवली वसाहतीतून निघालेला धूर रेल्वेमार्गापर्यंत पसरला. अशा दिवशी वर्तमानपत्रांत दवाखान्यात गेलेल्यांचा आकडा येतो. त्या दिवशी ज्यांना तिसरा-चौथा आठवडा होता त्यांना स्वतःलाही ते ठाऊक नसतं, मग मोजणार कोण? आणि गळती न झालेल्या दिवसांचं काय? रस्त्याची धूळ, डंपर, पेटलेला कचरा, हिवाळ्यात खाली बसून राहणारा धूर हे तर रोजचं. केंद्राने २०१९ साली राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम सुरू केला. हवेची मर्यादा वर्षानुवर्षं न पाळणाऱ्या शहरांच्या त्याच्या यादीत उल्हासनगर आणि बदलापूर ही दोन्ही नावं आहेत.

यात सर्वांत वाईट वाटा कोणाच्या वाट्याला येतो? गावाबाहेर नदीकाठी वीटभट्ट्या लागतात. पावसाळा संपला की कातकरी कुटुंबं तिथे झोपड्या घालून राहतात आणि पोटुशी बाई भट्टीच्या धुरातच विटा वाहते, संध्याकाळी चूलही तिथेच पेटवते. तिच्यासाठी फिलाडेल्फियातल्या त्या खोलीइतकीसुद्धा निवड नाही.

थोडं चांगलंही घडलं आहे. ६ फेब्रुवारी २०१३ रोजी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम पालघरमध्ये सुरू झाला, तेव्हा पालघर ठाणे जिल्ह्यातच होतं. अंगणवाडीत आणि शाळेत जाऊन मुलं तपासायची, हृदयदोष आढळला तर शस्त्रक्रिया मोफत करून द्यायची, अशी ती योजना. बाळाच्या बोटाला किंवा पायाला छोटी चिमटी लावून रक्तातला प्राणवायू पाहता येतो, घरी सोडण्यापूर्वी ही दोन मिनिटांची तपासणी करून मागावी. अठरा ते बावीस आठवड्यांच्या सोनोग्राफीत हृदय नीट पाहिलं का, हे विचारायला लाजू नये. फॉलिक अॅसिडची गोळी दिवस राहिल्यावर नव्हे तर मूल हवं असं ठरल्यावरच डॉक्टरांना विचारून सुरू करावी. घरात धूप-उदबत्ती, मच्छर अगरबत्ती, सिगारेट यांचा धूर कमी करणं आपल्या हातात आहे. रस्त्यावरचा आणि भट्टीचा धूर मात्र सुनेच्या हातात नाही, त्याचा जाब तिला विचारू नये.

आनंदीबाई १८८६ च्या नोव्हेंबरात मुंबईला उतरल्या. कोल्हापूर संस्थानाने त्यांना आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलच्या स्त्रीकक्षाची जबाबदारी देऊ केली होती. आज हेच रुग्णालय सीपीआर म्हणून ओळखलं जातं. स्वागतं झाली, सत्कार झाले, पण अंगात ताकद उरली नव्हती. कोल्हापूरला त्या जाऊ शकल्या नाहीत. एकाही बाळंतिणीची नाडी त्यांनी डॉक्टर म्हणून या देशात धरली नाही. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचा क्षयाने अंत झाला. बाविसावं वर्ष पुरं व्हायला महिना उरला होता. गोपाळरावांनी त्यांच्या अस्थी कार्पेंटरबाईंकडे अमेरिकेला पाठवल्या, आणि न्यूयॉर्क राज्यातल्या पोकीप्सी गावी कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत त्यांच्या नावाचा दगड उभा राहिला. आजही तो तिथे आहे.